आसाची पलटण

४ मे १९८७
पुन्हा हात हलवत परत! अटलांटाच्या दफ्तरखान्यात आसाचं नाव एकाच हजेरीपटावर आहे — भरती, जून १८६२. पलटणीचं नाव होतं तिथेच कागद फाटलेला. पुढचे पट नाहीतच. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या, कॉन्फेडरेट फौजेचे निम्मे कागद जळाले, उरलेले कुठे गेले देव जाणे.

डॅडींना काय सांगू? फुप्फुसं संपत आलीत, पण जीव त्या दगडात अडकलाय. २४ तारखेच्या रविवारी सगळं गाव थडग्यांवर फुलं वाहायला जमेल. त्याआधी त्यांच्या पणजोबांच्या, आसाच्या थडग्यावर दगड हवा. त्यावर पलटण हवी! "लढताना मेला तो, व्हर्ना. तसंच कोरायचं."

१० मे
चर्चच्या पायरीवर वेंडेल — चुलतभाऊ कसला, वैरी मेला! — सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गं, सापडली का पलटण? की आसा नुसते बटाटे सोलत होता?" सगळे हसले. तळपायाची आग मस्तकात गेली.

१२ मे
दगडवाल्याचा फोन. मजकूर शुक्रवारपर्यंत. झोप उडालीये.

१४ मे
दगड डोक्याशी बसवायचा, पण डोकं कुठे? म्हणून ऑटीमावशीला घेऊन गेले. दफनभूमीची देखभाल तीच करते. हँगरच्या वाकवलेल्या दोन तारा धरून ती कुंपणालगत चालली. खाली माणूस असला की तिच्या तारा एकमेकींवर येतात. पुन्हा चालली, दुसऱ्या बाजूनं. मग थांबलीच.

"पोरी, हा आडवा आहे गं."

इथे सगळ्यांचे पाय पूर्वेला — शेवटच्या दिवशी उठतील तेव्हा तोंड उगवतीकडे असावं म्हणून. आसा उत्तर-दक्षिण!

"लढाईत मेलेल्याला कुणी असं पुरत नाही," मावशी म्हणाली. "फौजेतून पळून आलेल्यांना गावच्याच लोकांनी टांगलं, त्यांना असं पुरलं. डॅडीला नको सांगूस."

खोटी पलटण कोरून घेऊ? कोण विचारतंय!

१५ मे
नाही जमलं. सांगून टाकलं. डॅडी भिंतीकडे तोंड करून पडलेत. ताकात कुस्करलेली मक्याची भाकरी तशीच पडलीये. मी मारलं का त्यांना?

१६ मे
सकाळी बोलले. "मला ठाऊक होतं. माझ्या आजीनं आपल्या बापाला, आसाला टांगताना पाहिलं होतं, एवढीशी असताना. वाटलं, एखादा कागद निघाला तर ती खोटी ठरेल."

मग म्हणाले, "पलटण नको. नुसतं आसा. आणि मला त्याच्या शेजारी ठेव — तसंच, आडवं."