बुडबुडा नसलेली बाटली

१२ मार्च

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. यातली विनंती या वेळी खरी आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण पाणी सोडून एकमेकांनाच तपासत बसू. म्हणून पत्र.

मी बरी आहे. प्रयोगशाळेत पाण्यात विरघळलेला वायू मोजणारं नवं यंत्र आलंय, त्यामुळे साहेब सध्या सगळ्यांशी गोड बोलतात. चिमणीचा पुढचा दात पडल्याचं वहिनीकडून कळलं. बोळकं जपून ठेव म्हणावं, फोटो काढायला येईन.

आधी तुझ्या आवडीची बातमी. आमच्या विरोध समितीची फजिती झाली. कंपनीचं ड्रिलिंग सुरू होण्याआधी गावातल्या सगळ्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी तपासून ठेवावं, असं मीच सुचवलं होतं. खोलवरचा खडक दाबाने तडकवून गॅस काढायचा म्हटल्यावर पुढे पाण्यात काही निघालं, तर पहिला प्रश्न येतो: आधी नव्हतं कशावरून? मी घरोघर बाटल्या वाटल्या. पंप थोडा वेळ चालू द्या, बाटली बादलीत बुडवून भरा, झाकण पाण्याखालीच लावा, आत एकही बुडबुडा नको, नाहीतर पाण्यातला वायू त्यात निसटतो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाटल्या आल्या, तर पाणी आरशासारखं. शिंपीणकाकूंनी ते उकळून, गार करून, दुहेरी फडक्यातून गाळून भरलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "परीक्षेला जायचं पाणी ते. पोराला तोंड न धुता शाळेत पाठवतं का कोणी?" त्यांचं पाहून आख्ख्या आळीने तेच केलं. उकळलेल्या पाण्यात वायू कुठला राहायला? सगळ्या बाटल्या मी मोरीत ओतल्या. आमचे अध्यक्ष पोस्टमनकाका म्हणाले, पास व्हायच्या नादात गाव नापास झालं. मग मी स्वतः प्रत्येक घरी जाऊन बाटल्या पुन्हा भरल्या.

प्रत्येक घरी म्हणजे तुझ्याही.

तू कंपनीच्या लोकांना जागा दाखवायला गेला होतास. तुला विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील ते माहीत होतं. खरं तर मी फक्त आईला भेटून निघणार होते. ज्याने कंपनीला जमीन भाड्याने दिली त्याचं पाणी यादीत नसलं तरी चालेल, असं समितीत ठरलं होतं. चहा घेताना आई तिच्या गॅस गीझरबद्दल बोलली. नळ बराच वेळ चालू राहिला की निळी ज्योत पिवळी होते आणि बाहेर उसळते म्हणे. "यंत्रालाही म्हातारीचा राग यायला लागला बघ." वहिनी हसली. मी उठून गाडीतून बाटल्या आणल्या.

तुझ्या बोअरच्या पाण्यात मिथेन आहे, धोक्याच्या पातळीपेक्षा जास्त. त्याला वास, रंग, चव काही नसतं. पिऊन अपाय होत नाही. पण बंद खोलीत पाणी सोडलं की तो हवेत सुटतो, साठतो, आणि आई वाऱ्याची झुळूक लागते म्हणून खिडकी लावून त्याच खोलीत काडी ओढते. गीझर नुसता साफ करायचा राहिला असेल, असं मी आधी धरून चालले होते. दुसरी बाटलीही तपासली. निकाल तोच. बाकी कुठल्याच घरी हा प्रकार नाही.

वहिनीला सकाळीच फोन करून गीझर बंद करायला लावला आहे. आई माझ्यावर रागावली आहे. रागावू दे.

आता अडचण. कंपनीने अजून एक भोकही पाडलेलं नाही, म्हणजे हा वायू आधीपासूनचा. सोमवारच्या ड्रिलिंग-परवानगीच्या सुनावणीत मी हा आकडा मांडला, तर त्यांचा वकील म्हणेल, इथल्या पाण्यात गॅस होताच, उद्या कुणाच्याही विहिरीत निघाला तरी आमचा काय संबंध? पोस्टमनकाकांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, न विचारलेलं सांगायचं नसतं. त्याचं घर, त्याचं पाणी, तो बघून घेईल." मी म्हटलं, त्या घरात माझी आई अंघोळ करते. ते चष्मा पुसत राहिले. माणूस वाईट नाही. त्यांना विहिरी वाचवायच्या आहेत, मलाही.

मला आकडा मांडायचा आहे. सोयीचे तेवढेच निवडले तर बाकीच्यांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? शिवाय मला त्याचा अर्थ उलटा दिसतो. खालचा वायू वर येतो, म्हणजे तुझ्या जमिनीखालच्या खडकात वाट आहे, आणि तीच वाट कंपनी आणखी मोकळी करणार आहे. हे मी आज सिद्ध करू शकत नाही. वायू किती खोलवरचा, हे सांगायला वेगळी चाचणी लागते. ती होईपर्यंत काम थांबवा, एवढं मागता येईल.

पण पाणी तुझं आहे, त्यामुळे तुझी संमती हवी. ती नसेल तर आकडा मांडणार नाही. आमची बाजू वरवर भक्कम राहील, पण तरीही हरलो तर खालची वाट न तपासताच ड्रिलिंग ठरल्याप्रमाणे तुझ्या बोअरशेजारीच सुरू होईल. संमती दिलीस तर कदाचित आम्ही हरू. तुला हवं ते आयतंच मिळेल. विचार करून सांग.

मागच्या सभेत तू सगळ्यांसमोर म्हणालास, हिला बाटलीतलं पाणी कळतं, घरची माणसं कळत नाहीत. त्याचं उत्तर आता सांगते. तुझ्या अंगणात ती बाटली भरताना माझ्याकडून आत बुडबुडा गेला. ओतून पुन्हा भरली, पुन्हा गेला. शेवटी आईने बादली धरली. कामावर माझं असं कधी होत नाही.

कळावे. लोभ असो वा नसो, बाथरूमची खिडकी उघडी असावी.

तुझी,
धाकटी