बत्हातली पेज

रियाध,
शुक्रवार, १३ नोव्हेंबर १९८१

सौ. शालन हिस अनेक आशीर्वाद. मी इथे खुशाल आहे. आईची आणि तुझी खुशाली कळवत जावी, वि. वि.

आधी वाईट तेच सांगून टाकतो. आपला भिकू राबिघच्या पाइपलाइनच्या कँपमध्ये नाही. त्याच्या कामाच्या गँगमधला तुकाराम गावी जाताना इथे उतरला होता. तो म्हणाला की श्रावणात पाइप घसरून अपघात झाला, भिकूला इस्पितळात नेलं आणि तिथून तो कुणाला न सांगता रियाधच्या टॅक्सीत बसला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, राहिला कफीलकडे, ज्याने कामावर आणलं त्या मालकाकडे. कंपनीने त्याला पळालेला म्हणून कळवून टाकलंय, म्हणजे आता पोलिसांच्या हाती लागला तर आधी तुरुंग. जखम कुठे झाली, किती झाली, ते तुकारामला धड सांगता येईना. आईला अपघाताचं कळू देऊ नकोस.

दर शुक्रवारी सकाळी मी बत्हाला, इथल्या बाजारात जातो. आपली माणसं तिथेच जमतात. मलबारी हॉटेलं झाली, हैदराबादी झाली, घड्याळाच्या चौकापर्यंतच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. आज एका गल्लीत थायलंडचे कामगार दिसले. पिकअपच्या मागच्या फळीवर गॅस मांडून एकजण न्याहारी विकत होता. आणि काय सांगू तुला, चक्क पेज! तांदूळ पार विरेपर्यंत शिजवलेला, वर आल्याच्या काड्या, कांद्याची पात, आणि त्या उकळत्या पेजेत अंडं फोडून टाकतात. बरोबर तळलेल्या पिठाच्या जाड कांड्या, जोडी-जोडीने चिकटलेल्या, त्या सोयाच्या गोड दुधात बुडवायच्या. माशाच्या खाऱ्या पाण्यात मिरच्या ठेचलेल्या, वास थेट आपल्या सुकटीचा. थंडीत अंगात ऊब आली. दोन वाट्या प्यालो. मग भिकूची आठवण झाली आणि तिसरी तशीच परत केली.

पत्र लगेच टाक. आईला जप.

तुझा,
बाळाराम

*

पाचल, ता. राजापूर
२ डिसेंबर १९८१

श्री. बाळाराम यांस सौ. शालनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्ही भावाला शोधताय की न्याहारी करत शहर बघताय, असं विचारणार होते. पण हसू येत नाही.

आईंना काही सांगितलं नाही, तरी त्यांना कळलंच. पत्र वाचताना मी मधलं गाळलं, तर त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाल्या की एवढं मोठं पत्र एवढ्यात कसं संपलं. त्या दिवसापासून त्यांनी पेज सोडलीय. भिकूभावोजी सापडेपर्यंत तोंडाला लावणार नाहीत म्हणतात. कोरडी भाकरी चहात बुडवून खातात. किती वाळल्यात, तुम्हाला ओळखू येणार नाहीत.

आणि अहो, हॉटेलं कसली धुंडाळता? आपल्या लग्नात माझ्या माहेरी पोह्यांचं ताट बाजूला सारून पेज मागणारा माणूस तो! सगळ्या वऱ्हाडाने चेष्टा केली होती. त्याला पेज कुठे मिळते ते तुम्हीच लिहिलंय. तिथेच उभे राहा.

पण पळालेल्या माणसाला थारा दिला तर तुम्हालाही धरतील का हो? खरं काय ते लिहा.

तुमची,
शालन

*

रियाध,
शुक्रवार, १८ डिसेंबर १९८१

सौ. शालन हिस आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं आणि गेल्या शुक्रवारी रात्रपाळी संपवून तसाच धावलो. मी काम करतो त्या इस्पितळाचा खाकी शर्ट अंगात, छातीवर बिल्ला. भिकूचा फोटो काढून त्या पेजवाल्यापुढे धरला. सोमपोंग त्याचं नाव. त्याने फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मा अरिफ, माहीत नाही, एवढं म्हणाला आणि झाकणं लावायला लागला. शेजारी खाणारेही वाट्या ठेवून उठले.

आज गेलो तर गल्लीत पिकअपच नाही. रहमतुल्ला म्हणून ओळखीचा पठाण टॅक्सीवाला आहे, तो मला फाडफाड बोलला. म्हणाला की खाकी शर्टात हातात फोटो घेऊन फिरणारा माणूस कफीलचाच वाटणार, तू तुझ्या भावाला स्वतःच हाकललास. डोक्यात एवढी साधी गोष्ट शिरली नाही माझ्या!

परतताना बत्हात धाड पडली. दोन्ही टोकांनी गल्ली बंद. माझा इकामा बघून सोडलं, पण ज्यांच्याकडे नव्हता त्यांना बसमध्ये कोंबलं. मी प्रत्येक खिडकीत डोकावून पाहिलं. भिकू नव्हता. पण दुसरी बस आधीच गेली होती.

तू विचारलंस म्हणून खरं लिहितो. थारा दिला तर मलाही धरतील. नोकरी जाईल ती वेगळीच.

तुझा,
बाळाराम

*

पाचल,
६ जानेवारी १९८२

श्री. बाळाराम यांस शालनचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. आता पुरे करा, एवढंच लिहायला बसले होते. भाऊ शोधता शोधता तुम्ही आत गेलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मला माझा नवराही हवाय, हे दोघं मायलेक विसरलात. राग आलाय मला, आणि तो लपवणार नाही.

पण समोर आई बसल्यात. ह्या वेळी सगळं वाचून दाखवलं, अपघातसुद्धा. रडल्या नाहीत. उठून परसात गेल्या, फणसाचं पान तोडून आणलं आणि पाकिटात घाल म्हणाल्या. लहानपणी भिकूभावोजींना पेजेला चमचा चालायचा नाही, पानाचाच लागायचा, म्हणे. मी म्हटलं, तिथे लोक हसतील, आणि पोचेपर्यंत पान वाळेल. तर म्हणतात, फोटोला कोण भुलतं, माझं पान तो ओळखेल. वर खोचायला माडाच्या पातीची हीरही दिलीय. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडवेना म्हणून पाठवते.

एकदा जा. शर्ट साधा घाला. एकदाच, हं.

शालन

*

रियाध,
शुक्रवार, २२ जानेवारी १९८२

सौ. शालन हिस आशीर्वाद वि. वि.

भिकू सापडला. जिवंत आहे. हे आधी आईला सांग, मग पुढचं वाच.

सोमपोंगची पिकअप आता भाजीबाजाराच्या मागे लागते, रहमतुल्लाने दाखवली. मी काही विचारलं नाही. पेज घेतली. पान चामड्यासारखं झालं होतं, ते तिच्यातच बुडवून मऊ केलं, द्रोणासारखं दुमडलं, हीर खोचली आणि प्यायला लागलो. शेजारचे खरंच हसले. सोमपोंगने मात्र डाव खाली ठेवला. मोडक्या अरबीत म्हणाला की असा चमचा करणारा आणखी एकच माणूस त्याने पाहिलाय, तो सिगारेटच्या पाकिटाचा करतो, डाव्या हाताने आणि दाताने. मग त्याने माझ्या हातातलं पान काढून घेतलं आणि पिकअपमागच्या एका खोलीत गेला.

भिकू ते पान घेऊनच बाहेर आला. नुसतं हुंगत होता. मी आधी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या आणि मग भर बाजारात रडलो. तिथे तो पातेली घासतो. उजव्या हाताची तीन बोटं पाइपाखाली गेली आहेत. आणि शालन, खाकी शर्ट वगैरे सगळं झूट! त्या दिवशी तो गल्लीतल्या एका दाराआडून मला बघत होता. ओळखूनही आला नाही. वेल्डरचा हात गेला, आता दादाला काय दाखवू, म्हणाला. स्वतःला लिहिता येईना, आणि परक्याचं अक्षर पाहून आई घाबरेल म्हणून पत्रही नाही.

उद्या मी त्याला पोलिसांपुढे हजर करणार आहे. काही आठवडे आत ठेवतील, मग विमानात बसवतात म्हणे. मी बरोबर जाणार, म्हणजे माझंही काय होईल सांगता येत नाही. भीती वाटते, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? पण दुसरा रस्ता नाही. रागावू नकोस.

सोबत त्याचा कागद आहे. मी फक्त धरून ठेवला होता.

तुझाच,
बाळाराम

*

ती. आईस भिकूचा नमस्कार.

वहिनी, हे मोठ्याने वाचा. अक्षर डाव्या हाताचं आहे. वाकडं आहे पण माझं आहे. आई, बोटं गेली, मी नाही गेलो. पान जपून ठेवलंय, घेऊन येतो. आता तू पेज पी.

तुझा,
भिकू