दुसऱ्याचे माग

आबा, तुम्ही जाऊन वर्षं झाली, पण गेले पंधरा दिवस मशीनांच्या रांगेतून फिरताना तुम्ही माझ्या मागोमाग चालता आहात. वळून बघायची हिंमत होत नाही. मी आता सुपरवायझर आहे. हल्ली धागा तुटला की मशीन आपोआप थांबतं आणि कोणाचं किती वेळ थांबलं ते स्क्रीनवर दिसतं.

मी पाच वर्षांचा असताना मला टायफॉईड झाला होता. तुम्ही तीन दिवस दवाखान्यात माझ्या उशाशी बसलात आणि तुमचे माग शेजारच्या दोघांनी स्वतःचे सांभाळून चालवले. शेठला पत्ताही लागला नाही. आई सांगायची, निघताना तुम्ही शेजारच्याला आपल्या बोलीत एवढंच म्हणालात, "मना मागवर ध्यान ठेव, भाऊ." माग एकट्याचा नसतो, हे तुम्ही मला जेवताना कितीदा ऐकवलं असेल, तेही ओरडून, कारण खडखडाटाने तुमचे कान गेले होते. मला त्या ओरडण्याची लाज वाटायची.

पंधरा दिवसांपूर्वी एक कारागीर पाळी अर्धी टाकून गेला आणि शेजारचा त्याच्या कामगार-नंबरावर त्याची मशीनं चालवत राहिला. आमचं कापड परदेशी जातं. कुठला तागा कोणी विणला, हे तिकडच्या गिऱ्हाइकाला लागतं. नंबर खोटा निघाला तर माल परत. मी शेजारच्याला बोलावलं. तो धुळ्याकडचा, आपल्यातलाच. हात पुसत म्हणाला, "साहेब, त्याना पोऱ्याले ताप शे. दवाखानामा गया तो." अक्षर न् अक्षर कळलं मला, आबा. तरी मी हिंदीत म्हणालो, "अपनी मशीन से मतलब रखो." संध्याकाळी दोघांचेही चेहरे गेटवरच्या हजेरीच्या यंत्रातून काढून टाकले. दुसऱ्या दिवशी दोघं यंत्रासमोर उभे होते आणि ते त्यांना ओळखत नव्हतं. मी काचेआडून बघत होतो.

नियमाने केलं, असं बायकोला सांगितलं. तुम्हाला सांगता येत नाही. तुम्ही ओरडला असतात तर बरं होतं. तुम्ही नुसते चालता.

या पत्राला पत्ता नाही. ज्याचं पोर आजारी होतं त्याचा मात्र फाईलमध्ये आहे, आपल्याच जुन्या वस्तीत, गोडादऱ्यात, आपल्या गल्लीपासून तिसरी गल्ली. तो कागद मी दोनदा बाहेर काढला आणि दोनदा परत ठेवला. पोराचा ताप उतरला का, एवढंही अजून विचारलेलं नाही.