नववा फोटो

मी, बर्नडेट नासिएकू तिपानको, वय वर्षे एकाहत्तर, राहणार तालेक, नारोक काउंटी, केनिया, सफारीच्या गाडीवरची निवृत्त चालक आणि मार्गदर्शक, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आजवर ज्यांनी दडपण आणून पाहिलं, ते चहा न घेताच परत गेले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. नदीकाठचं माझं दोन खोल्यांचं घर आणि मागची झुडपांची जमीन माझी भाची रेसियातो हिला मिळावी. त्या झुडपांत बिबट्याची मादी दोनदा व्यायली आहे. एकही झुडूप तोडू नये. शेजारच्या कॅम्पचा व्यवस्थापक 'आत्या गेल्या, आता गाडीपुरती एक छोटीशी वाट द्या' म्हणत येईल. त्याला चहा द्यावा. वाट देऊ नये.

२. माझी लँडक्रूझर, दोन्ही कॅमेरे, लांब पल्ल्याची लेन्स आणि खिडकीवर लेन्स टेकवायची घेवड्याच्या दाण्यांची पिशवी, हेही रेसियातोलाच. पिशवीतले दाणे शिजवू नयेत. एकदा पाहुण्यांच्या जेवणाला माझ्या भावजयीने ते केलेलं आहे, आणि सकाळी सिंहासमोर माझ्या हातात रिकामं फडकं होतं.

रेसियातो चार वर्षं गाडीवर आहे आणि माझ्याहून चांगली चालवते. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही. तिच्यासाठी एकच सूचना: जनावर दिसलं की आधी पिल्लं कुठे आहेत ते बघ, मग ऊन कुठून येतंय ते. मी एकदा उलटं केलं. ते कलम चारमध्ये येईल.

३. माझा भाऊ मोइपेई. वडील गेल्यावर त्याने सगळी गुरं आपल्या गोठ्यात नेली. मी विचारायला गेले तर म्हणाला, "बाईमाणसाला गुरं कशाला? तुझ्याकडे कॅमेरा आहे ना, मग काढ त्यांचे फोटो." मी काढले. त्यातला सर्वांत चांगला, तांबड्या गाईचा, चौकटीसह मोइपेईला द्यावा. बाकी काही देऊ नये.

४. हे कलम सर्वांत महत्त्वाचं आहे आणि यासाठीच मी लिहायला बसले.

आमच्या कॅम्पच्या जेवणघरात माझा एक फोटो लागलेला आहे. चित्त्याची मादी वारुळावर उभी राहून थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाहते आहे. त्याला बक्षीस मिळालं. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून उसासे टाकतात. तो १९९८ सालचा आहे. त्याच सकाळी तिची दोन्ही पिल्लं तरसाने नेली.

आम्हा मार्गदर्शकांत रीत अशी आहे की पिल्लं असतील तर जागा रेडिओवर सांगायची नाही. माझ्याबरोबरचा मार्गदर्शक कोइकाइ याने ती सांगितली आणि गाड्यांची गर्दी झाली, म्हणून पिल्लं गेली, अशी लेखी तक्रार मी केली. जागा त्याने सांगितली होती, हे खरं. त्याचा मार्गदर्शकाचा बिल्ला गेला. तो आजतागायत नारोकला वाळूचा ट्रक चालवतो. मी पंचवीस वर्षं त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

गेल्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी मी त्या सकाळच्या जुन्या फिल्म्स भिंगाखाली धरल्या. तिसऱ्या फोटोत, पडलेल्या झाडाजवळच्या गवतात, पिल्लांचे कान दिसतात. मग मी ऊन पाठीशी घ्यायला गाडी हलवली आणि त्याच झाडापाशी नेली. नवव्या फोटोत, म्हणजे जेवणघरातल्याच, आई पाहते आहे. माझ्याकडे नव्हे. माझ्या मागे, गाडीपलीकडच्या गवताकडे. दुसरी गाडी थेट बाविसाव्या फोटोत दिसते; तोवर तिथे माझी एकटीचीच होती.

मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर फिलोमेना चूक पूर्ण वाक्यात लिहायला लावायच्या, आणि वाक्य 'मी' पासूनच सुरू व्हायला हवं असे. तेव्हा लिहिते: मी माझी गाडी आई आणि तिची पिल्लं यांच्या मधे उभी केली. मी फोटो काढत राहिले. मी दोष कोइकाइवर घातला.

या कलमाची प्रत मार्गदर्शकांच्या कचेरीत, बिल्ल्यांच्या यादीशेजारी लावावी. मी मरायची वाट पाहू नये. सह्या झाल्या की दुसऱ्याच दिवशी लावावी. जेवणघरातला फोटो उतरवू नये. त्याखाली तिसरा, पिल्लांच्या कानांचा, लावावा.

कोइकाइला मी काही ठेवलेलं नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे, आणि मला तोच साक्षीदार हवा आहे. गुरुवारी मी नारोकला गेले. तो ट्रकचं चाक बदलत होता. कॉन्व्हेंटवरून मला पाडलेल्या जुन्याच नावाने त्याने हाक मारली.

"सिस्टरबाई! इतक्या वर्षांनी? कोण गेलं?"

"कोणी नाही. मृत्युपत्रावर साक्षीदाराची सही हवी आहे."

"म्हणजे मला काहीच ठेवलं नाहीस."

"साक्षीदाराला ठेवता येत नाही."

"तुझ्या सोयीचा कायदा दिसतोय."

"सहीआधी चौथं कलम वाचावं लागेल."

"शाळा सुटली तरी तुझी छडी काही सुटत नाही बघ," तो म्हणाला आणि पुन्हा चाकापाशी वाकला. येतो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. म्हणून खाली त्याच्या नावापुढे जागा सोडली आहे. ती रिकामी राहिली तर मी हा कागद फाडून नवा लिहीन आणि पुन्हा त्याच्याकडे जाईन.

५. माझ्या दफनाला पाहुण्यांच्या गाड्या येऊ देऊ नयेत. आल्याच, तर इंजिन बंद ठेवावं.

हे सर्व मी लिहिलं, वाचलं, आणि यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

तालेक, १४ ऑक्टोबर २०२३
सही: बर्नडेट नासिएकू तिपानको

साक्षीदार पहिली: फेलिस्टा सेनेवा, निवृत्त परिचारिका, तालेक. सही.

साक्षीदार दुसरा: जोसेफ कोइकाइ, ट्रकचालक, नारोक. सही.

(सहीखाली, कोइकाइच्या अक्षरात) चौथं कलम वाचलं. गाडी कुठे उभी होती ते मी त्याच सकाळी पाहिलं होतं. बोललो असतो तर हिची गाडी गेली असती, आणि तेव्हा अख्ख्या मारा अभयारण्यात गाडीवर ही एकटीच बाई होती. नवव्या फोटोची एक प्रत मला हवी आहे. मृत्युपत्रात नको. आज दे.

(त्याखाली) दिली. ब. ना. ति.