मागच्या खोलीत काम चालत होतं

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, धंदा पलंग-गाद्यांची किरकोळ विक्री, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी मला वार आणि तारीख विचारली, मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत पोचले तेव्हा तेच कंटाळले. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय ठिकाणावर नाही, त्याचाही दाखला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट हे लिहू नये म्हणून माझ्या मुलाने दोन आठवडे धाक घालून पाहिला. मागचं मृत्युपत्र, ज्यात मी सगळं त्यालाच दिलं होतं, ते या कागदाने रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर. त्यातला अर्धा हिस्सा मुलाला त्याच्या वडिलांकडून आधीच मिळालेला आहे. माझा अर्धा हिस्साही मी त्यालाच देते. 'प्रेमपूर्वक' हा शब्द घालायला वकीलबाईंनी सुचवलं. मी नको म्हटलं. अर्ध्या घरात दुसरं कोण राहायला येणार, म्हणून देते.

कलम दोन. दुकान, म्हणजे रस्त्याकडचा गाळा, वरच्या पाटीसकट. ही माझी स्वतःची कमाई आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. नवरा गेला तेव्हा गाळा भाड्याचा होता आणि आत सात गाद्या होत्या. गिऱ्हाईक आत यायचं, इकडे-तिकडे बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठे आहेत?" मी म्हणायचे, "तुमच्यासमोर." आठ वर्षांत गाळा विकत घेतला, पाठोपाठ त्याच्या मागची, तोवर भाड्याचीच असलेली खोलीही घेतली. हे दुकान मी टाकेवालीला देते.

टाकेवाली म्हणजे कोण, हे माझ्या नातवंडांना माहीत नाही, म्हणून लिहिते. माझा नवरा गेल्यावर तीन वर्षांनी ती कामाला आली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. पुढे पलंग मांडलेले असायचे आणि मागच्या खोलीत ती गरम तारेने फोम कापायची, खोळी शिवायची, गादी भरायची आणि कड हाताने टाके घालून बंद करायची. तिचे टाके मोजून घातल्यासारखे सारखे. गिऱ्हाईक गादीवर बसून उड्या मारून बघायचं, मी त्याला कड बघायला सांगायचे. एकोणीस वर्षं तिने हे काम केलं. या दुकानाचं जे नाव झालं ते तिच्या हातामुळे झालं. पाटीवर मात्र माझं आडनाव होतं.

कलम तीन. हे कलम मालमत्तेचं नाही, कबुलीचं आहे. वकीलबाई म्हणाल्या, याची मृत्युपत्रात गरज नाही. मला आहे.

माझा धाकटा भाऊ विमा एजंट. दुकानाचा विमा त्यानेच उतरवला. फॉर्म घेऊन आला तेव्हा त्यात एक प्रश्न होता: या जागेत कापणे, शिवणे, भरणे अशी कामे होतात का?

"ताई, इथे 'नाही' लिही," तो म्हणाला. "'हो' लिहिलंस तर हप्ता अडीचपट होईल. फोम आणि गरम तार म्हटलं की कंपनीला घाम फुटतो."

"अरे, पण होतात ना कामं."

"विकण्यासाठीच होतात ना? मग विक्रीच झाली की ती. कोण येतंय बघायला?"

मला हसू आलं. मी 'नाही' लिहिलं. त्या वेळी आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता, आणि तो आम्हा दोघांनाही ऐकू येत होता. पुढे दरवर्षी नूतनीकरणाला तोच फॉर्म आला आणि दरवर्षी मी तेच लिहिलं. मला फसवलं असं मी कुठेही म्हणणार नाही. मला वाचता येतं.

अकरा वर्षांपूर्वी, एका दुपारी, गरम तारेच्या प्लगमधून ठिणगी उडाली. तो प्लग तापतो हे टाकेवालीने मला त्याच महिन्यात तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसले होते, "एक तुझा प्लग घेऊन बसू का मी?" फोमच्या थप्पीने पेट घेतला. मी त्या मागच्या खोलीतच उभी होते. तिने मला खांद्याला धरून पुढे ढकललं आणि स्वतः परत आत गेली. मधल्या लोखंडी दाराच्या चौकटीत पेटलेला फोम पडला होता, त्यामुळे दार लागत नव्हतं. तिने तो हातांनी ओढून बाजूला केला, बाहेर आली आणि दार लावून घेतलं. जळका फोम वितळतो आणि कातडीला चिकटतो. त्यात तिचा उजवा हात गेला. आग विझवायला आलेला अधिकारी म्हणाला, दार लागलं नसतं तर पुढचा गाळा गेला असता आणि वर राहणारं कुटुंबही गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ धावत आला. "ती कामगार आहे असं कुठे बोलू नकोस. गिऱ्हाईक होती म्हण. आणि तिलाही तसंच सांगायला लाव, नाहीतर दावा बुडाला समज."

मी रुग्णालयात गेले. तिचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वहिनी, मी गिऱ्हाईक?"

"विम्याचे पैसे येऊ देत. तुझं औषधपाणी, तुझं घर, सगळं मी बघेन. शब्द देते."

तिसऱ्या दिवशी कंपनीचे सर्वेक्षक आले. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी तिचा जबाब लिहून घेतला. ती म्हणाली, "उशी बघायला आले होते." त्यांनी तिचा शाबूत हात बघितला. मग पेन थांबवून शांतपणे म्हणाले, "बाई, उशी बघायला येणाऱ्यांच्या बोटांना सुईचे घट्टे नसतात." तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि जबाब तसाच राहिला.

मागच्या खोलीत त्यांना जळलेल्या मशीनचा सांगाडा सापडला. खोटी माहिती दिली म्हणून दावा फेटाळला गेला. भावाने हात झटकले. "सही तुझी आहे ताई, माझी नाही," असं तो माझ्या घरात, माझा चहा पीत म्हणाला.

तरीही मी टाकेवालीला काही देणार होते. मुलगा आडवा आला. "आई, एक पैसाही देऊ नकोस. दिलास की ती कामगार होती हे कबूल केल्यासारखं होईल. उद्या ती भरपाईची नोटीस पाठवेल." त्याचं म्हणणं मला पटलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते सोयीचं होतं. तिने नोटीस पाठवली नाही. कशाच्या जोरावर पाठवणार? कागदोपत्री ती उशी बघायला आलेली बाई होती. तिची तीन बोटं एकमेकांना जुळून गेली आणि पुन्हा सुई धरता आली नाही. मी मात्र शाबूत राहिलेल्या गाळ्यात कारखान्याच्या तयार गाद्या आणून धंदा पुन्हा उभा केला. तिने वाचवलेल्या दुकानावर मी अकरा वर्षं नीट जेवले.

तेव्हा मी शपथेवर लिहून देते की मागच्या खोलीत काम चालत होतं, ती माझी कामगार होती, प्लगबद्दल तिने मला बजावलं होतं आणि तिचा खोटा जबाब मी वदवून घेतला.

कलम चार. माझ्या भावाला काहीही नाही. माझ्या मागे त्याने घरी येऊन रडू नये. येणं अडवता येणार नाही, असं वकीलबाई म्हणतात. रडणं तरी अडवा म्हटलं, तर तेही कायद्यात बसत नाही म्हणे.

कलम पाच. सोन्याच्या चार बांगड्या सुनेला. "त्या बाईंचा हात कसा आहे हो?" असं आमच्या घरात अकरा वर्षांत एकदाच कोणी विचारलं, ते तिने. मी उत्तर दिलं नव्हतं, ते एक राहून गेलं.

कलम सहा. बँकेतली ठेव. ही वाटायला उरलेली नाही, तेव्हा मुलाने कपाटं उपसत बसू नये. का उरली नाही ते सांगते.

गेल्या महिन्यात हृदयाच्या तपासणीसाठी त्याच रुग्णालयात गेले. टोकन देणाऱ्या बाईने डाव्या हाताने माझ्यापुढे चकती सरकवली. "सत्तेचाळीस. तिकडे बसा, वहिनी." आवाजात राग नव्हता, ओळखही नव्हती, सगळ्यांशी बोलावं तसं बोलली. नंबर येईपर्यंत दोन तास मी तिला बघत बसले. पेन पडलं की ते तिला डाव्या हाताने उचलावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि तिच्या जेवणाच्या सुट्टीत तिला सांगितलं, दुकान तुझ्या नावावर करते आहे, खरं काय ते सगळं मृत्युपत्रात लिहिते आहे.

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "म्हणजे मेल्यावर खरं बोलणार? तेव्हा तुम्हाला कोण काय विचारणार, वहिनी?"

मी तशीच उठले. घरी आले आणि कलम तीनच्या दोन सही केलेल्या प्रती काढल्या. एक विमा कंपनीला, एक कामगार कार्यालयाला पाठवली. पोच सोबत आहे. पुढे काय कारवाई व्हायची ती माझ्या हयातीत माझ्यावर होऊ दे. ठेव मोडून सगळी रक्कम गेल्या सोमवारी तिच्या खात्यात भरली. त्या दिवसापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही. घरात आता निदान खोटं तरी बोललं जात नाही.

कलम सात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. साक्षीला मी मुद्दाम त्याच सर्वेक्षकांना शोधून बोलावलं. ते आता निवृत्त आहेत, काठी टेकत आले. सगळं वाचून म्हणाले, "तेव्हा त्या माझ्याकडे फक्त एकदा खरं बोलल्या असत्या, तर त्यांना भरपाई तरी मिळाली असती." मी म्हटलं, "ती बोलणारच होती. मी समोर उभी होते."

शेवटचं. सही करण्याआधी काल मी हा मसुदा टाकेवालीला वाचून दाखवला. तिने मधे एकदाही मान हलवली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "दुकान घेते. ते माझंच आहे. पण मी तुम्हाला माफ केलं, असं यात कुठे लिहू नका."

म्हणून ते लिहिलेलं नाही.

स्थळ: दुकान, पुढचा गाळा
दिनांक: सोळा नोव्हेंबर, सोमवार, दुपारी साडेतीन

लिहून देणारीची सही, प्रत्येक पानावर

साक्षीदार एक: विमा सर्वेक्षक, निवृत्त. सही
साक्षीदार दोन: शेजारच्या औषध दुकानाचे मालक. सही

दोघांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्या दोघांनी केली. या वेळी मी खिडकीकडे बघत नव्हते.