चौथ्या ओळीचा उशीर

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
पिपाणीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबांच्या बँडबरोबर रॅप करते म्हणजे मी त्यांच्या गाण्यात भांडते असं नाही गं! इतकी वर्षं मी कॉम्प्युटरवरच्या ठोक्यावर बोलत आले. तो भिंतीसारखा, कधी हलत नाही. इथे पाच जिवंत माणसं वाजवतात. बास गिटारवाले काका म्हणतात, फंक म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत, त्यात वाटेल तिथे उनाडक्या करा, पण पहिल्या मात्रेला सगळ्यांनी घरी हजर पाहिजे. आणि ते घर म्हणजे बाबांचे ड्रम. मला आता त्या घराची सवय झाली आहे. माझे शब्द मोकळे सुटतात आणि बरोबर परत येतात.

पुढचं तुला एकटीला लिहिते आहे, बाबांना कळू देऊ नकोस. महिना झाला, बाबांना उशीर होतोय. अगदी एवढासा. त्यांचा उजवा हात झांजेवर पळत असतो ना, तो प्रत्येक चौथ्या ओळीला रेंगाळतो. ऐकणाऱ्याला कळणार नाही. मला कळतं, कारण माझा शब्द पडतो तेव्हा खाली काहीच नसतं, अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं. मग मी शब्द ताणते आणि त्यांच्याबरोबर खाली उतरते. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

थकले असतील, नाही का? तू हो म्हणालीस की मी निवांत होईन. लवकर लिही.

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेली,
पिपाणी

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
डबड्याचा सा. न. वि. वि.

एकाच पत्रात तीनदा तब्येत विचारलीस! ठणठणीत आहे. उजवा खांदा धरतो जरा, साठी उलटल्यावर तेवढं चालायचंच. लहानपणी तुझे डबे बडवले त्याची ही शिक्षा समज.

काळजी आहे ती पोरीची. आमचा बासवाला परवा घड्याळ लावून बसला होता. चार मिनिटांचं गाणं साडेचार मिनिटं चाललं. तो म्हणाला, वय झालं गाण्याचं. सगळे हसले, मीही हसलो, पण कारण मला ठाऊक आहे. पिपाणीला दम पुरत नाही. शब्द ओढत ओढत आणते. सगळ्यांसमोर ती उघडी पडू नये म्हणून मी तिच्यासाठी थांबतो. ती जिना चढून आली की मी कानोसा घेतो, छाती वाजते का म्हणून. तिच्या आईचं दुखणं छातीतूनच सुरू झालं होतं, तुला सांगायला नको.

तिला माझं नाव सांगू नकोस, धसका घेईल. आडून आडून विचार. तुला ते जमतं. लहानपणी माझ्या सगळ्या चोऱ्या तू अशाच काढल्यास.

आहे तेवढा जीव लावत राहा.
डबड्या

१६ फेब्रुवारी

चि. पिपाणीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आडून विचारायची माझी ताकद नाही, सरळच विचारते. तुला दम लागतो का? तुझ्या बाबाने लिहिलंय की तू मागे पडतेस म्हणून तो थांबतो. तू लिहितेस, तो मागे पडतो म्हणून तू थांबतेस. दोघं एकमेकांसाठी दार धरून उभे, आणि गाणं उंबऱ्यात अडकलंय. छाती आधी दाखवून ये.

पण पोरी, मला वाटतं उशीर त्याचाच आहे. तीस वर्षं शाळेत मुलांची अक्षरं तपासली मी. काल त्याची वर्षभराची पत्रं जमिनीवर मांडली. ओळ सुरू होते तेव्हा अक्षर हरभऱ्याएवढं, संपते तेव्हा मुंगीएवढं, आणि दर महिन्याला आणखी बारीक. तुझे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांचीही अक्षरं अशीच आकसली होती. रंग वाचवताय का, म्हणून आम्ही चेष्टा केली. मग हात कापायला लागला, तो ते खिशात ठेवू लागले आणि आम्ही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. डॉक्टरकडे नेलं, कंपवात निघाला, पण तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून सांगते, त्याला झाकू नकोस. एका प्रॅक्टिसला शब्द ताणू नकोस, जिथे पडायला हवा तिथेच पडू दे. माझं तो हसण्यावारी नेईल. स्वतःच्या कानाचं ऐकेल.

काय मागते आहे ते मला कळतंय. रागावलीस तरी चालेल, पण अबोला धरू नकोस.
आत्या

२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

माझी छाती स्वच्छ निघाली. रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीवर रडले. काहीतरी माझ्यातच निघावं, असं वाटत होतं.

पहिल्या दोन प्रॅक्टिसना धीर झाला नाही. काल मात्र ताणला नाही शब्द. तो पडला, खाली काही नव्हतं, तरी मी पुढे गेले. बासवाले काका नकळत माझ्याबरोबर आले, मग ट्रम्पेटवाली आली. बाबा एकटे मागे राहिले. धावले गं ते. दोन ओळी आमच्या मागे धावले आणि थांबले. मला म्हणाले, घाई का करतेस? मी म्हटलं, नाही करत. त्यांनी बाकीच्यांना चहाला पिटाळलं, ठोके मोजणारा मेट्रोनोम लावला आणि मला बसायला सांगितलं.

पहिलं मिनिट इतकं नेटकं गेलं की मला वाटलं, आपलंच चुकलं. मग हात मागे राहू लागला. ते थांबले नाहीत. किती मागे पडतो ते ऐकायला पूर्ण चार मिनिटं वाजवलं. मग विचारलं, कधीपासून? मी सांगितलं. म्हणाले, आणि तू दर वेळी थांबत होतीस? मी मान हलवली. त्यांनी काड्या पिशवीत भरल्या. ओरडले असते तर बरं झालं असतं.  सकाळपासून ते टेबलावर बोटंसुद्धा वाजवत नाहीत.

मी बरोबर केलं ना, आत्या? मला जवळ घेतल्यासारखं काहीतरी लिही.
पिपाणी

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरीकडून तुला कळलंच असेल. तिला बोल लावू नकोस. मीही तेच करत होतो.

डॉक्टरांनी मंगळवारी बोलावलंय. ती बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. डॉक्टर म्हणतील, हात पुढे करा. ती समोर असली तर मी काहीतरी विनोद करीन. तो विनोद नाही हे कळूनही ती हसेल. मग आम्ही दोघं हसत हसत घरी येऊ. तुझ्यासमोर मला तसं करता येत नाही, कधीच आलं नाही.

ताई, मला भीती वाटते आहे. आपल्या बाबांच्या खिशातला तो हात मला चार दिवस डोळ्यांसमोर दिसतोय. सोमवारच्या गाडीने निघ. या पत्राला उत्तर नको, तूच ये.

तुझा,
डबड्या