पालथे पुडे

भद्रावतीच्या विहीणबाई गुणाबाई यायले पोंभुर्ण्याच्या बायनाबाईचा मानाचा जय भीम. तुमचे गुडघे कसे आहेत? माहे एकदम बरे आहेत. फोनवर तुमी मले दोन शब्द बोलू देत नाई, तिसऱ्यापासून तुमचंच चालू होते, म्हणून ही चिठ्ठी. चिठ्ठीले मधात तोडता येत नाई. चष्मा लावा, खाली बसा, मंग वाचा.

आपल्या नातीचं, दिव्यानीचं (नाक तुमच्या घरचं, जीभ माह्या घरची) काम जमलं. असं जमलं का मले परवापासून भाकर गोड लागून राह्यली. तुमाले माहीतच आहे, जावयानं तिले बजावलं होतं, नागपूरच्या चित्रप्रदर्शनवाल्या मॅडमनं तुह्यं काम प्रदर्शनाले घेतलं तर पुढं चित्रकला शीक, नाई तर वरोऱ्याच्या सोयाबीनवाल्याच्या पोरासमोर पोह्याची प्लेट घेऊन उभी राह्य. म्हणून पोरगी इथी माह्याजवळ येऊन राह्यली, संगं तिची चंद्रपूरची मैत्रीण आफ्रीन. (आफ्रीनच्या अब्बाचं पाट्या रंगवाचं दुकान आहे, तिचा हात बसला आहे. आपलीचा हलते. खरं ते सांगतलेलं बरं.)

काम म्हणजे काय, तर बंद पडलेल्या राईस मिलच्या भिंतीवर आफ्रीननं अख्खं जंगल काढलं. वाघाचे मात्र नुसते डोळे. मी म्हटलं, रंग संपला काय वो? तर म्हणे, आजी, वाघ असाच दिसते. (माह्या दिराले अख्खा दिसला होता, पण जाऊ द्या.) अन् भिंतीसमोर मैदानात तेंदूपानाचे पुडे. पानं विकाच्या फळीवर, उघड्या मैदानात, आमी वाळाले मांडतो ना, तशाच ओळी. गावातल्या बायाइनं आपापले पुडे बांधून देल्ले, अन् दिव्यानीनं एकेका पुड्याच्या वरच्या पानावर, जिनं बांधला तिचं तोंड काढलं. याले ते इन्स्टॉलेशन म्हणतात. आमी याले उन्हाळा म्हणतो. तुमचंही तोंड काढलं, फोटोवरून. तुमी जन्मात एक पुडा बांधला नाई, तरी पहिल्या ओळीत, माह्या बाजूले. नाकालेच अर्धं पान लागलं.

मॅडम सकाळी येणार होत्या. पोरीइनं बजावलं का कोणी हात लावाचा नाई, अन् दोघी त्याइले आणाले स्टँडवर गेल्या. बस आली उशिरा. आमी बाया भिंतीच्या सावलीत बसलो. ऊन चढलं, पुडे वरून कडक झाले, पानं वळाले लागली. रुखमा (आमच्या शेजारची, जिच्या बकऱ्या तुमची चप्पल खाऊन गेल्या होत्या ती) म्हणे, बाई, हे एकाच अंगानं वाळून राह्यले, खालून बुरशी धरन. मी म्हटलं, हे विकाले नाई, पाह्याले ठेवले आहेत. ती म्हणे, पाह्याले असले तरी पुडेच ना. आता यावर काय बोलाल? आमचा जन्म गेला पुडे उलटण्यात. एक उठली, दुसरी उठली, मंग मी उठली. वाकून वाकून साऱ्या ओळी उलटल्या, एक पुडा वाकडा नाई. पाणी प्यालो अन् मोठ्या ऐटीत जागेवर येऊन बसलो. तोंडं मातीत गेली हे एकीच्याही ध्यानात आलं नाई.

इतक्यात मॅडम आल्या, संगं दोन दाढीवाले. समोर पाह्यते तं काय, नुसते पुडे. दिव्यानी मटकन खाली बसली. आफ्रीन आमच्याकडे अशी पाहून राह्यली, का भिंतीवरचा वाघ बरा. मले वाटलं, गेली पोरगी वरोऱ्याले.

मॅडमनं विचारलं, "चेहरे कुठं आहेत?"

रुखमा म्हणे, "खाली आहेत. वाळून राह्यले."

मॅडम हसल्या नाई. चप्पल काढून ओळीत शिरल्या, वाकल्या, एक पुडा उलटला. रुखमाच निघाली, कपाळाले माती लागलेली. मंग दुसरा उलटला, तिसरा उलटला. दाढीवालेही वाकले. तवा आमाले आठवलं का आपलीही तोंडं तिथीच आहेत, अन् साऱ्या बाया घुसल्या. हा माह्या नाई, तुह्या होय. काऊन वो, मले इतके दात कुठून आले. हिले गोरी केली अन् मले काळी! नुसती जत्रा. मैदानभर सारे वाकलेले, अन् भिंतीवरून वाघ पाहून राह्यला.

शेवटी मॅडम दिव्यानीले म्हणाल्या, "नागपुरात असेच मांड. पालथे. ज्याला बघायचंय त्यानं वाकावं."

पोरगी रडली. आफ्रीन रडली. मी रडली नाई, मले साऱ्याइचा चहा ठेवाचा होता.

घरच्या लहानमोठ्याइले जय भीम सांगा. जावयाले जरा मोठ्यानं.

तुमची विहीण,
बायनाबाई

ता.क. चिठ्ठी लिहाचं खरं कारण. मॅडमनं काम घेतलं, तरी जावयानं वरोऱ्यावाल्याइले येऊ नका म्हटलं नाई. रविवारी ते येऊन राह्यले. तुमचा लेक बायकोचं ऐकत नाई, सासूचं तं नाईच. तुमचं ऐकते. चित्रं काढून पोट भरते काय, हे तुमीच त्याच्या डोक्यात घातलं, तुमीच काढा. विनंती कराची माह्या तोंडाले सवय नाई, म्हणून लिहून देल्ली.

आणखी ता.क. गुडघे बरे आहेत हे खोटं लिवलं. त्या दिवसापासून उठताना भिंत धरा लागते. नागपुरात प्रदर्शनात पुडे पालथे मांडाले मॅडमनं मलेच बोलावलं आहे, पण एकटीनं होत नाई. अर्ध्या ओळी तुमी घ्या. तुमचा पुडा अजून पालथाच आहे. मी उलटला नाई, कोणाले उलटू देल्ला नाई. आपलं नाक आपणच येऊन वर करा.